किल्ली कमरेला

आमच्या साइटवरची हेल्मेटं ऑफिसातल्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत जपून ठेवलेली. कपाटाची किल्ली सुपरवायझरच्या कमरेला. मागायला गेलं की तो खेकसतो, "सिमेंटात मळवून टाकाल सगळी! मोठे साहेब बघायला आले की मिळतील."

काल गिलावा करता करता आमचे मिस्त्रीकाका परांचीवरून खाली पडले, थेट डोक्यावर. आम्ही ओरडलो, "अहो, अँब्युलन्स बोलवा!" तसा सुपरवायझर ऑफिसकडे धावत सुटला. त्याला धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हटलं, चला, याच्याही आत माणूस आहे म्हणायचा.



धापा टाकत परत आला, काकांच्या डोक्यावर नवंकोरं हेल्मेट चढवलं आणि मला म्हणाला, "पटकन फोटो काढ. मळायच्या आत परत ठेवायचंय."