शिंगवाला

दवाखान्यामागच्या झुडपावर दंतवैद्यबाईंना एक अजब किडा सापडला. नखाएवढा जीव, पण डोक्यावर दोन शिंगं आणि अंगावर सोनेरी वर्ख दिल्यासारखी झाक! बाईंनी ती जागा फक्त सरांना दाखवली. किड्यांचे अगदी जवळून फोटो काढायला त्यांना सरांनीच शिकवलं होतं. गवतात तासन्‌तास पालथं पडून राहायचं, पण किड्याला बोटही लावायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद असायची.

पुढच्याच आठवड्यात किडा दिसेनासा झाला. बाई रोज पान न् पान धुंडाळायच्या.

"उडून गेला असेल हो. येईल परत," सर फोनवर समजूत घालायचे.

मग एका स्पर्धेत सरांच्या फोटोला पहिला नंबर मिळाला. फोटोत तोच शिंगवाला, ऐटीत बसलेला!

"कालव्याजवळ अचानक दिसला बघा," सर म्हणाले. बाईंना हेवा वाटला नाही, उलट त्यांचा जीव भांड्यात पडला. किडा सुखरूप होता. फुलं घेऊन त्या सरांच्या घरी अभिनंदनाला गेल्या.

सर आंघोळीला गेले होते. वहिनींनी चहा टाकला आणि बाईंना फ्रिजमधलं दूध काढायला सांगितलं.

"तो निळा डबा तेवढा उघडू नका हं. यांचे किडे असतात त्यात. गारठले की हलत नाहीत, हवे तसे बसवता येतात."



चहात साखर घालत वहिनी पुढे म्हणाल्या, "तुमच्याकडून आणलेलं ते शिंगवालं बिचारं मात्र दगावलं."