बादल का निघेना?

पाचही घोडे झाडीत शिरले, पण सहावा बादल फाटकापाशीच उभा. ढिम्म! पाठीवर सुरुची, दोन्ही हातांनी खोगीर गच्च धरून.

"तरी मी सांगत होतो! मुक्या जनावराचा जीव काढतेस!" पुढून तिचा नवरा जितेश ओरडला. सोसायटीची मंडळी आपापल्या घोड्यांवर खो खो हसली.

सुरुचीचं वजन ब्याऐंशी किलो. तुंगारच्या पायथ्याच्या निसर्ग उद्यानात घोड्यावरून फिरायचं ठरलं, तेव्हापासून दोन महिने तिनं भाताला हात लावला नव्हता. आयुष्यात एकदा तरी घोड्यावर बसायचं, हे तिचं लहानपणापासूनचं वेड. आता खाली उतरलं, की नालासोपाऱ्याच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये वर्षभर दुसरा विषय नाही. उतरले तर पुन्हा कशावर म्हणून चढणार नाही, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं. डोळे भरून आले बाईचे.

घोडेवाल्या नीलेशनं लगाम ओढून पाहिला, चुचकारलं, गूळ दाखवला. बादलनं गूळ तेवढा खाल्ला.

"परवाच आणलाय ताई, नवीन आहे. तुम्ही उतरा जरा. झेपत नसेल त्याला."

झेपत नसेल! मेल्याला हेच सुचायचं होतं.

पण सुरुचीला एक गंमत दिसली. झेपत नसेल तर घोडा वाकेल, धापा टाकेल. हा तर ताठ उभा, आणि सारखा मान वळवून मागे बघतोय. नीलेशनं ढकलायला खोगिरावर हात टेकला, तसे बादलनं कान टवकारले. हात काढला, कान पडले.

"कुणाची वाट बघतोस रे बाबा?" तिनं वाकून विचारलं. रडू कुठल्या कुठे गेलं. आता हे कळल्याशिवाय ती उतरणार नव्हती.

फाटकाशी शहाळी विकणारा सिप्रियन मघापासून गालातल्या गालात हसत होता. वसईजवळच्या पापडी गावचा सत्तरीतला म्हातारा. कोयता ठेवून तो उठला.

"उतरू नको, बाय. उतरलीस तर आणखी एक कमी होईल."

सुरुचीला काही कळेना. सिप्रियननं तिच्या मागे खोगिरावर एक थाप मारली. थांबला. मग दुसरी. मग तिसरी. आणि खच्चून ओरडला, "भरलाऽ! चल, पापडी!"

बादल निघाला की हो! तोही कसा, दुडक्या चालीनं, पानं उडवत. सुरुची आधी किंचाळली, मग हसत सुटली. ओढ्यापाशी तिनं जितेशला गाठलं आणि "बाजूला व्हा, अहो!" म्हणत मागे टाकलं. साऱ्या रानाला वळसा घालून सगळ्यांत आधी फाटकाशी परत आली तीच.

"काका, खरं सांगा," घामानं निथळत तिनं विचारलं. "मी जड झाले म्हणूनच अडला होता ना?"

सिप्रियननं शहाळं सोलून तिच्या हातात दिलं.

"जड? वेडी की काय तू! वसई स्टेशनात बारा वरसं माझ्या टांग्याच्या बाजूला टांगा वढला त्यानं. चार शीट भरल्याबिगर एकदा पन हलला नाय. तू एकटीच चढलीस, म्हनून तो बिचारा बाकीच्या तिघांची वाट बघत व्हता!"