मापात बसलेली विरहिणी

सासऱ्यांनी जिवापाड जपलेलं कापडावरचं जुनं चित्र वाटणीत मोठ्या जाऊबाईंकडे गेलं. काल ते त्यांच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी दिसलं, पण चित्रातल्या झोपाळ्यावर नायिका एकटीच, मान वळवून बघत बसलेली.

"डोळे बघा हिचे, केवढा विरह!" जाऊबाई पाहुण्यांना सांगत होत्या. एकीने तर रुमाल काढला.

मी हळूच विचारलं, "अहो, शेजारी तो बसलेला होता ना?"

"अगं, एवढ्याशा भिंतीवर दोघं मावतायत कुठे? कापून घेतलं."

मी तडक उठले आणि चपला घ्यायला दाराजवळचं कपाट उघडलं.

तळाला तो अंथरलेला होता, आणि त्याच्या हसऱ्या तोंडावर जाऊबाईंच्या सँडलची टाच.