फुली वर, गोल खाली

तर झालं असं, की सूनबाईने मोठ्या हौसेने अंडी उबवायचं मशीन आणलं आणि बारा अंड्यांवर पेन्सिलने एका बाजूला फुली मारली, दुसऱ्या बाजूला गोल काढला. कारण अंडी दिवसातून निदान दोनदा उलटावी लागतात, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटून मरतं! सकाळी ती फुली वर करून कामाला जायची, दुपारी सासूने गोल वर करायचा. पण रोज संध्याकाळी येऊन बघावं तर फुलीच वर!

"आई, दुपारी अंडी उलटलीत ना?"

"अगं, बाराच्या बारा! आता शपथ घेऊ का?"

सहा दिवस हेच. सून आतल्या आत धुमसत होती. बाई तोंडावर धडधडीत खोटं बोलतेय, आणि पिल्लं गेली की म्हणेल, तुझं मशीनच फुसकं! सातव्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली आणि गुपचूप येऊन पडद्याआड उभी राहिली. सासू आली, तिने हात पुसले आणि एकेक अंडं तान्ह्या बाळासारखं अलगद उलटलं. सगळे गोल वर! सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बाहेर येणार, तेवढ्यात सासरे पाय न वाजवता आत आले. झाकण उघडून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अजून गोलच वर! सूनबाई सकाळी आजही विसरली," असं पुटपुटत ते भराभर अंडी उलटायला लागले. "तिच्या सासूने बघितलं तर घर डोक्यावर घेईल."