कॉम्प्युटरची गवसणी

"पुन्हा विमान!" रेकॉर्डिंग तपासणारे गृहस्थ फोनवर म्हणाले. "बाई, आवाज छान आहे हो तुमचा, पण मागे विमान उडतंय त्याचं काय? संध्याकाळपर्यंत स्वच्छ नमुना आला तर ऑडिओबुकसाठी कादंबरी तुम्हीच वाचायची. नाहीतर माझा नाइलाज आहे."

सुनेने फोन ठेवला आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. त्याचं सगळं यंत्र पडद्याच्या पाठीतच कोंबलेलं. वेगळा डबा असता तर तिने तो उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला असता. इथे ज्या पडद्यावर बघून वाचायचं, तोच माईकसमोर बसून घुरघुरत होता. अख्खं पुस्तक वाचायची पहिली संधी त्याच्या पोटातल्या एका पंख्यापायी हातची जाणार, ह्या विचाराने तिला रडूच कोसळायचं बाकी होतं.

"फोम पातळ पडला, सूनबाई," सासरे ठामपणे म्हणाले.

सासऱ्यांनी हयातभर सोफे आणि गाद्या शिवल्या. जगातल्या कुठल्याही कटकटीवर त्यांचा उपाय एकच, फोम. कॉम्प्युटरलाही त्यांनी अंगाबरोबर बसणारी जाडजूड गवसणी शिवली होती. कडेने गोट, कोपऱ्यांना चुण्या, पडदा तेवढा उघडा. बघणाऱ्याने बघत राहावं असं काम. पण ती चढवल्यापासून आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच होता, आणि आता सासरे दुसरा थर घेऊन तयार होते.

तिने दारं-खिडक्या लावून घेतल्या. त्यांनी दुसरा थर चढवला. क्षणभर बरं वाटलं. मग पहिल्याच परिच्छेदाला पंख्याने असा काही सूर लावला की तिचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"च्यायला!" सासरे म्हणाले, आणि सुनेसमोर बोललो म्हणून त्यांनी जीभ चावली. बंद खोलीत त्यांना घाम फुटला होता. त्यांनी स्वेटर काढून खुर्चीवर फेकला.

ती त्या स्वेटरकडे बघत राहिली.

"बाबा, स्वेटर का काढलात?"

"उकडतंय म्हणून! हा काय प्रश्न झाला?"

"मग ह्याने काय करायचं?" तिने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

सासऱ्यांनी गवसणीच्या आत, मशीनच्या पाठीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. आपण जास्तच बोललो की काय, असं तिला वाटलं. त्या गोटापायी त्यांनी दुपारची झोप मोडली होती, आणि आपण पडलो सून. पण त्यांनी कात्री उचलली आणि स्वतःचे टाके स्वतःच उसवायला घेतले.

"मीच त्याचा गळा आवळला, आणि वर म्हणतोय ओरडू नकोस," ते पुटपुटले.

मशीन बंद करून पाठ वळवली, तर हवेच्या जाळीवर पांढरा थर. गाद्यांचा कापूस! घरभर उडणारा कापूस बिचाऱ्याने श्वासाबरोबर ओढून घेतला होता. सासऱ्यांनी सोफ्याच्या खाचा झाडायचा मऊ ब्रश आणला आणि एकेक भोक मोकळं केलं. तिने टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, मशीन सुरू केलं, आणि पडद्यावर विनाकारण उघडं असलेलं सगळं बंद करून टाकलं.

दोघं कान देऊन उभी राहिली. जाळीपाशी तळवा नेला तर वारा लागत होता, म्हणजे पंखा फिरत होता. ऐकू मात्र येत नव्हता.

तिने एक वाक्य वाचून पाहिलं. आता इतका वेळ विमानाखाली दबलेला घुमारा वर आला. उघड्या भिंतींवरून तिचाच आवाज परत येत होता.

"ह्याला फोम चालेल?" सासऱ्यांनी जरा बिचकतच विचारलं.

"चालेल काय, धावेल!"

मशीनच्या अंगावरून उतरलेली गवसणी माईकच्या तिन्ही बाजूंनी उभी राहिली, गोटासकट. सासरे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. ती वाचायला लागली आणि वाचता वाचता पंखा, फोन, संध्याकाळ, सगळं विसरली. असं आपण कधीच वाचलं नव्हतं, हे तिला शेवटच्या ओळीला कळलं.

नमुना गेला. थोड्याच वेळात फोन वाजला.

"बाई, स्टुडिओ भाड्याने घेतलात की काय? टाचणी पडली तरी ऐकू येईल! कादंबरी तुमची."

तिने जागच्या जागी उडी मारली.

"फक्त एक," तपासणारे म्हणाले. "शेवटच्या वाक्यानंतर कोणीतरी पुरुष अगदी हळू 'वा, पोरी' म्हणतोय. तेवढं कापतो."

तिने वळून पाहिलं. सासरे खाली बसून उसवलेले दोरे गोळा करत होते, जणू आपण त्या गावचेच नाही.

"कापा," ती म्हणाली. "पण तो तुकडा टाकून देऊ नका. मला पाठवा."