मंजूर झालेली नेमणूक

“प्रणिता आवळे आहेत का? मी हॉस्पिटलच्या एचआरमधून वैजयंती बोलतेय. त्यांची नर्सची नेमणूक मंजूर झाली.”

पलीकडे प्रणिताची आई होती. मागे तान्हं मूल रडत होतं.

“ती मंगळवारीच मस्कतला गेली, मॅडम,” आई म्हणाली. “तुमच्या फोनची लई वाट बघितली. दोन वर्षांचा बाँड हाय, मधी सोडता येत न्हाई. पोर माझ्याकडं ठिवलंय.”

मुलाखतीत प्रणिता वैजयंतीला फार आवडली होती. आठ दिवसांत कळवते, असं वैजयंतीने आपणहून सांगितलं होतं. पण संचालकांनी खर्च कमी करायचा म्हणून सगळी भरती थांबवली आणि आठ दिवसांचे तीन महिने झाले. प्रणिताने मध्ये दोनदा विचारलं, तेव्हा दुसरीकडे बघा, असं सांगायला वैजयंतीची जीभ रेटली नाही. इतकी चांगली नर्स तिला हातची जाऊ द्यायची नव्हती.

“माझंच चुकलं,” ती म्हणाली. आईने ते ऐकलं की नाही, कोण जाणे.

“मॅडम, एक इचारू? पोर बाटली तोंडात घेत न्हाई. कालपासनं साखरपाण्यावर हाय. तुमच्याकडं कुणी सांगंल का?”

“फोन ठेवू नका,” म्हणत वैजयंती मोबाइल घेऊन लहान मुलांच्या वॉर्डकडे निघाली. जिना उतरतानाही ते रडणं ऐकू येत होतं.

वॉर्डभर एकच सिस्टर होती. ती एका मुलाला सलाइन लावत होती आणि पलीकडच्या खाटेवरून दुसऱ्याची आई तिला हाका मारत होती. वैजयंती मोबाइल धरून दारातच उभी राहिली.