शिट्टी

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात सॉफ्टवेअरमधली चूक सापडली की टेस्टरनं शिट्टी वाजवायची. ती माझ्याच गळ्यात असायची. मग सरांनी क्लायंटच्या मीटिंगला दिशाला बसवलं. माझ्यानंतर लागलेल्या दिशाला! कोड लिहायच्या आधीच ती चुका पकडायला लागली आणि माझी शिट्टी मुकी झाली. क्लायंट फोनवर तिलाच मागायचा. रक्ततपासणीच्या अ‍ॅपच्या वेळी क्लायंटच्या मागण्या तिनं मला दाखवल्या. "बघ ना रे, काही सुटलंय?" नवरा-बायकोनं एकच मोबाइल नंबर दिला तर रिपोर्टांची अदलाबदल होणार, हे मला लगेच दिसलं. "झकास आहे," मी म्हणालो. अ‍ॅप टेस्टिंगला आल्यावर मी तेच करून बघितलं आणि शिट्टी फुंकली. पहिली टाळी दिशाची. "सर, माझ्याकडून सुटलेलं यानं पकडलं. पुढच्या मीटिंगला यालाच बसवा." तोंडातली शिट्टी काढली असती तर काहीतरी बोलावं लागलं असतं.